टेस्टिंग झालंय म्हणे!

‘साइटचं टेस्टिंग झालंय’ हे ऐकलं की डोकंच फिरतं. काय झालंय टेस्टिंग? एसी केबिनमध्ये, भल्यामोठ्या स्क्रीनवर, ऑफिसच्या वायफायवर, ज्या पोराने फॉर्म बनवला त्यानेच तो भरून पाहिला. नावाच्या रकान्यात ‘अबक’ टाकलं, सबमिट झालं, संपलं! अरे, साइट चालते का एवढंच बघितलंत. माणसाला ती चालवता येते का, हे कोण बघणार?

समजा साइट ठिबकच्या अनुदानाची आहे. फॉर्म भरणार रावेर-यावलकडचा केळीवाला. दोन जीबी रॅमचा फोन, काचेला तडा, मे महिन्याच्या उन्हात बांधावर उभा. त्याला तुम्ही पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं देता! साध्या मजकुराला कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांतला उजेडाचा फरक, किमान ४.५:१ हवा, हे डब्ल्यूसीएजीत, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या जागतिक नियमावलीत, लिहिलेलं आहे. फुकटात मोजता येतो. मोजला कोणी?

गट नंबरचा रकाना घ्या. माणूस मराठी कीबोर्डवरून ‘१४२’ टाकतो. खाली लाल अक्षरं: ‘इनव्हॅलिड इनपुट’. खोडून पुन्हा टाकतो, पुन्हा तेच. सातबारा काढून ताडून बघतो, नंबर तर बरोबर आहे! घोळ असा की साइटच्या जावास्क्रिप्ट कोडमध्ये ‘इथे आकडाच हवा’ हे तपासणारी ‘बॅकस्लॅश डी’ ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते. कोडमध्ये त्या रकान्याचा इनपुटमोड ‘न्यूमेरिक’ ठेवा, आकड्यांचा कीपॅड उघडेल. तरीही मराठी आकडे आलेच तर मुकाट्याने बदलून घ्या. चार ओळींचं काम. मराठी साइटवर मराठी आकडा चूक, वा रे वा!

ओटीपीची तर बातच सोडा. मेसेज बघायला माणूस बाहेर पडतो, तेवढ्यात फोनने मेमरीसाठी टॅब बंद केलेला. परत आला की पान नव्याने लोड, भरलेले सगळे रकाने कोरे. मसुदा सेव्ह करायला काय धाड भरली होती?

हे सगळं एका सकाळीत सापडतं. साइट वापरायला सोपी आहे का, हे तपासण्यातला जाणकार जेकब नील्सन याने २००० सालीच लिहून ठेवलंय, पाच जणांना साइट वापरायला बसवलं तर सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. पण शेतकऱ्यांची साइट असेल तर पाचही शेतकरीच हवेत, ऑफिसातले पाच नव्हेत. फोन त्यांचा, डेटा त्यांचा. ‘नोंदणीवर दाबा’ असं सांगायचं नाही. ‘ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरा’ एवढंच सांगायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. बोट कुठे थबकतं ते बघायचं. ‘आठे (इथे) दाबू का?’ असं विचारलं की समजा बटण फसलं. लगेच कागदावर टिपायचं. पण साहेबांना राहवतं कुठे? ‘अहो काका, वर उजवीकडे बघा ना!’ झालं, टेस्ट नासली. बांधावर उजवीकडे दाखवायला साहेब जाणारेत का?

आणि एवढं सगळं दाखवलं की ठरलेलं उत्तर: ‘लोकांना ट्रेनिंग देऊ.’ कसलं ट्रेनिंग देणार? ‘१४२’ कसं लिहायचं त्याचं?