आजीचा दोर

आज सकाळी गावच्या ग्रुपवर व्हिडिओ आला, चुलतभावाच्या रानात बोअरला 870 फुटांवर पाणी लागलं म्हणून. गाडी धडधडतेय, दगडाचा पांढरा फुफाटा आणि मधेच गढूळ पाण्याची चिळकांडी. खाली सगळ्यांचं अभिनंदन भाऊ, पेढे कधी. अरे 870! एकालाही त्या आकड्याचं काही वाटू नये?

आमच्या लातूरकडच्या घरी आड होता. आजी पोहऱ्यानं पाणी शेंदायची. एका उन्हाळ्यात पोहरा पाण्याला टेकेना, तेव्हा तिनं दोराला हातभर तुकडा गाठ मारून जोडला आणि संध्याकाळी अंगणात सगळ्यांना बजावलं, पाणी हातभर खाली गेलंय, धुणं आता दोन दिवसांआड. हातभर! तेवढ्यावर घर हललं होतं. कारण ते तिच्या खांद्याला कळायचं हो. मग मोटर आली, बटण दाबलं की पाणी, आणि खाली काय चाललंय ते कुणालाच कळेनासं झालं. आड आटला तर 150 फूट, ते गेलं तर 300, मग 500, आणि प्रत्येक वेळी नारळ फोडून आनंद.

2009 च्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या पुढच्या विहिरीलाच खोल विहीर म्हटलंय, म्हणजे साधारण 200 फूट. आमच्याकडं 200 फुटाला बोअर म्हणतच नाहीत आता. आपल्या खाली काळा पाषाण आहे, पाऊस मुरतो तो वरच्या मुरमात आणि फुटक्या खडकात, त्याच्या खाली भेगेत सापडतं ते जुनं साठलेलं, ते उपसलं की लवकर भरत नाही, हे शाळेतल्या पोराला कळेल. आजी 72 च्या दुष्काळाचं सांगायची, खायला दाणा नव्हता पण आडाला पाणी होतं. आणि एप्रिल 2016 मध्ये त्याच लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आपण! त्यानंतर ऊस कमी झाला का? मला तरी दिसला नाही.

हो, उसाला ठरलेला भाव असतो, तुरीला-सोयाबीनला मिळेलच असं नाही, शेतकऱ्यानं करायचं काय, हे मान्य. पुण्यात टँकरच्या पाण्यानं आंघोळ करून मी हे लिहितोय हेही मान्य.

दुपारी रागानं भावाला फोन लावला. तो एवढंच म्हणाला, दादा, मोसंबीची झाडं डोळ्यांदेखत वाळत होती, बघवत नव्हतं. मग मला पुढं बोलवेना. त्यानं तरी एकट्यानं काय करावं. आजीनं पाणी खाली गेलं म्हटलं की सगळे थांबून ऐकायचे, आता ते सांगणारंच कुणी राहिलं नाही आणि ग्रुपवर कुणी सांगितलं तर अपशकुनी ठरतो.

दिवाळीत गेलो तेव्हा तो दोर माळवदाच्या खोलीत खुंटीला दिसला, खाली काढून गाठी मोजल्या, 7 निघाल्या. आड कधीच बुजवलाय. त्यावर सिमेंटचा ओटा आहे, मोटरचा स्टार्टर तिथंच बसवलाय.