गुरुवारचे पनीर

ज्या घरच्या सोरपोतेलची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या आंबट-तिखट कालवणाची, कीर्ती मी मुलीच्या लग्नापासून ऐकत आलो आहे, ठाण्यातल्या त्या ईस्ट इंडियन घरात, आणि तेही ऐन नाताळच्या दिवशी, माझ्या ताटात पनीर बटर मसाला वाढण्यात आला. तो घरी केलेलाही नव्हता. ॲल्युमिनियमच्या चौकोनी डब्याचे पुठ्ठ्याचे झाकण माझ्या डोळ्यांदेखत उघडून, ‘खास तुमच्यासाठी मागवलंय हं,’ असे कौतुकाने सांगत तो वाढण्यात आला. मी ‘वा, वा, कशाला एवढा त्रास घेतलात,’ असे म्हणालो, कारण दुसरे काय म्हणणार? या घटनेला काही आठवडे लोटले आहेत, पण माझा राग अजून पुरता उतरलेला नाही.

जावई कॅथलिक आहे, व्याह्यांचे जुने घर चरईत, तलावपाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि दोन्हीकडची माणसे इतकी समजूतदार आहेत की लग्नात रुसवेफुगवे तर झाले नाहीतच, उलट ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करताना हॉलचे दार तेवढे काही काळ अडून राहिले. एवढी पार्श्वभूमी पुरे. अडचण आहे ती आमच्या साडूंची. सगळे नातेवाईक त्यांना नाना म्हणतात. ते नेरूळला राहतात आणि सर्वधर्मसमभाव हे खाते त्यांनी प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे हाती पडले त्याच सुमारास स्वतःकडे घेतले आहे. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर ‘अन्यधर्मीयांच्या घरी सणास जाताना पाळावयाचे शिष्टाचार’ कलमवार पाठवले होते. त्यातले शेवटचे कलम ‘शंका असल्यास मला विचारावे’ असे होते.

व्याह्यांच्या दारात पाऊल ठेवण्यापूर्वी नानांनी बूट काढले. व्याही म्हणाले, “नाना, राहू द्या हो, आमच्याकडे चालतं.” त्यावर नाना म्हणाले, “तुमच्याकडे चालत असेल, पण आज देवाचा दिवस आहे.” आता पाहुणा अनवाणी उभा असताना यजमानाने आपल्याच देवापुढे बूट घालून वावरावे हे व्याह्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनीही बूट काढले, त्यांचे पाहून त्यांच्या भावांनी काढले, आणि भावांचे पाहून सुटाबुटातल्या पुतण्यांनी काढले. चर्चमधल्या मध्यरात्रीच्या मिस्सासाठी हौसेने घेतलेले त्यांचे नवेकोरे बूट दाराबाहेर आमच्या चपलांच्या ढिगात जाऊन पडले, आणि ते सबंध कुटुंब डिसेंबरातल्या गार फरशीवर टाचा उचलत आमचे स्वागत करू लागले.

बैठकीच्या खोलीत गव्हाणीचा देखावा मांडलेला होता. तपकिरी कागदाचे डोंगर, खऱ्या पेंढ्याचे छप्पर, त्यावर विजेची चांदणी आणि आत बाळ येशू, मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय व गाढव. नानांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि गंभीरपणे विचारले, “प्रदक्षिणेची पद्धत आहे का?”

“तशी पद्धत नाही,” व्याही म्हणाले, “पण तुम्हाला घालायची असेल तर...”

सौजन्यापोटी अर्धवट सोडलेले वाक्य नाना नेहमी होकाराने पूर्ण करतात. देखावा भिंतीला टेकून मांडलेला होता, तेव्हा पुतण्यांनी दोन्ही बाजूंनी धरून बेथलेहेम टेबलासकट पुढे ओढले. त्यात विजेची माळ ताणली गेली, चांदणी विझली आणि एक मेंढपाळ आपल्या मेंढीवर आडवा झाला. नानांनी पोट आत ओढून त्या फटीतून एक प्रदक्षिणा पुरी केली. दुसरीच्या वेळी ते डोंगराच्या मागे अडकले आणि डोंगर आणखी थोडा पुढे घ्यावा लागला. बाहेर आल्यावर त्यांनी गव्हाणीत वाकून पाहिले.

“ही गाय देशी नाही.”

“अं?”

“वशिंड कुठे आहे? ही जर्सी दिसते.”

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला, तो डोळ्यांवर चढवला आणि आपल्या वडिलांच्या काळापासून घरात असलेली ती बोटभर गाय हातात घेऊन सर्व बाजूंनी निरखून पाहिली. “खरं आहे तुमचं,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी वशिंडाची मिळते का बघू.”

एवढ्यावर थांबतील तर ते नाना कसले. “ईस्ट इंडियन म्हणजे तुम्ही मूळचे बंगालचे का?” असे त्यांनी सरबत घेता घेता विचारले. ज्याने हा प्रश्न आयुष्यभर ऐकला आहे त्या माणसाच्या शांतपणे व्याह्यांनी सांगितले की त्यांचे पूर्वज साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातलेच असून पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झाले. पुढे गोव्याहून आणि मंगळुराहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, इथलेच, हे इंग्रज सरकारच्या ध्यानात यावे म्हणून 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, समाजाने हे नाव घेतले. नानांनी सगळे ऐकून घेतले, व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली आणि ते म्हणाले, “म्हणजे मूळचे आपलेच की!”

व्याही हसले. कोपऱ्यात लुगडे नेसून बसलेल्या त्यांच्या आई हसल्या नाहीत. मलाही हसू आले नाही, आणि खरे सांगायचे तर गाईपेक्षा मला हेच जास्त लागले. ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या या तळ्याच्या काठी गेल्या त्यांना, सोडतीत घर लागले म्हणून खाडीपलीकडे येऊन राहिलेल्या गृहस्थाने, त्यांच्याच सणाला, त्यांच्याच घरात, त्यांचेच सरबत पिऊन बिरादरीत दाखल करून घ्यावे आणि वर ते कौतुक म्हणून ऐकवावे! नानांना यात काही वावगे वाटत नाही. त्यांच्या मते ही जवळीक आहे.

मग जेवण. स्वयंपाकघराचे दार अर्धवट उघडे होते आणि माझी खुर्ची, दुर्दैवाने, नेमकी त्याच्या समोर होती. आत जावयाची आत्या फुग्या तळत होती. आंबवलेले मैद्याचे पीठ ती मुठीत घेई, मूठ आवळी, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून पिठाचा एक गुळगुळीत गोळा वर येई, तो ओल्या बोटाने ती तेलात सोडी, आणि तो गोळा तेलात पडताच टम्म फुगून आपला आपण कुशीवर वळे. शेजारच्या पातेल्यातून व्हिनेगर आणि बाटली मसाला यांचा वास येत होता. हा मसाला उन्हाळ्यात भाजून, कुटून, गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरतात आणि वर्षभर पुरवतात. सोरपोतेल दोन दिवस आधीच करून मुरत ठेवलेले होते, कारण ते शिळे अधिक चांगले लागते. ही सगळी माहिती मला जावयाने फार आस्थेने पुरवली, आणि मग पलीकडच्या टेबलावर बसून सोरपोतेल तो स्वतः जेवला.

“नानांनी आठवणीने फोन केला म्हणून बरं झालं,” विहीणबाई मला नान वाढत म्हणाल्या. “गुरुवार, त्यात मार्गशीर्ष. आम्हाला कुठलं कळायला?”

मार्गशीर्ष! मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार 18 डिसेंबरलाच होऊन गेला होता. माझ्या बायकोने त्या दिवशी उद्यापन करून, सवाष्णींना हळदीकुंकू देऊन, घट हलवलासुद्धा होता. 25 तारखेला पौष चालू होता, आणि पौषातल्या गुरुवारी आमच्या घरात बोंबील वर्ज्य असल्याचे मी तरी कधी ऐकलेले नाही. पण हे तिथे बोलायचे कसे? बोलावे तर नाना खोटे पडतात, पनीर फुकट जाते आणि विहीणबाई ओशाळतात. बायको शेजारी बसून एकेक तुकडा न चावता गिळत होती. नानांनी मात्र दुसऱ्यांदा मागून घेतले आणि “जरा गोडसर आहे, बाकी उत्तम,” असा अभिप्रायही दिला.

मला त्या वेळी आमचे लहानपणीचे शेजारी आठवले. ते बेने इस्रायली ज्यू होते. सिव्हिल हॉस्पिटलजवळच्या, 1879 साली बांधलेल्या ‘शार हाशामाईम’ सिनेगॉगमध्ये ते शनिवारी जात. त्यांच्या धर्मात मटण आणि दूध एका जेवणात चालत नाही. आईने बासुंदीची वाटी पाठवली की कधी कधी शेजारच्या काकू दारातूनच सांगत, “वहिनी, आज मटण झालंय, दुधाचं चालायचं नाही. झाकून ठेवा, उद्या पोराला पाठवते.” त्यांच्या नववर्षाला नारळाच्या दुधातला गव्हाच्या चिकाचा हलवा आमच्याकडे येई, तेव्हा आई सरळ विचारी, “यात अंडं नाही ना?” “नाही.” संपला विषय. दोन्ही घरांत कोणी कोणाचे पंचांग परस्पर पाहून ठेवत नसे, आणि कोणाच्या वतीने तिसराच माणूस फोनही करत नसे.

घरी आल्यावर मी मुलीला सांगितले की तुझ्या सासूबाईंना एकदा हळूच सांग, आम्ही सगळे खातो. ती म्हणाली, “बाबा, आता नका काढू हा विषय. तुमच्याकरता आईंनी पनीर शिकून घेतलंय, बाटली मसाला घालून. ईस्टरला करणार आहेत.”

मी तडक भिंतीवरचे कालनिर्णय उलटले. ईस्टर हा 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेपुढचा रविवार, म्हणजे तो वद्य पक्षाच्या पहिल्या आठवड्यात यायचाच. यंदा तो 5 एप्रिलला आहे, आणि 5 एप्रिलच्या चौकोनात संकष्ट चतुर्थी छापलेली आहे. या वेळी नानांची तिथी बरोबर आहे. विहीणबाईंना फोन करून झाल्याचे त्यांनी गटावर कालच कळवले असून सोबत साबुदाण्याच्या खिचडीची कृतीही पाठवली आहे.