पेटीमास्तरांच्या बावीस कॅसेटी

आमच्या गावचे पेटीमास्तर गेले, त्याला आता दीड वर्ष होत आलं. भंडारा जिल्ह्यात, लाखांदूर तालुक्यात आमचं गाव. चाळीस वर्षं मास्तरांनी दंडारीला, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याला, पेटीची साथ केली. दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की महिनाभर ते रात्री घरी नसत. त्यांच्या नावानं प्रतिष्ठान काढायचं ठरलं, वर्गणीही जमली आणि गावात वाद पेटला: चौकात अर्धपुतळा नि कमान उभारायची, की त्यांची गाणी जपायची?

मी न्यूयॉर्कहून लिहितोय आणि मला पुतळा नको आहे.

मी राहतो त्या क्वीन्समध्ये, कोरोना वस्तीत, लुई आर्मस्ट्राँगचं घर आहे. जगभर फिरलेला हा जॅझचा ट्रम्पेटवादक १९४३ पासून १९७१ मध्ये मरेपर्यंत विटांच्या त्या साध्या घरात राहिला. आज घर दाखवणारी मुलगी एखाद्या खोलीत थांबून बटण दाबते आणि त्याचा आवाज येतो. मित्रांशी गप्पा मारतोय, ट्रम्पेटचा रियाज करतोय. घरी टेप करून ठेवायचा त्याला नादच होता. सहाशेच्या वर रिळं त्यानं मागे ठेवली. त्यांच्या डब्यांवर वर्तमानपत्रातली कात्रणं नि फोटो त्यानं स्वतः चिकटवले. ते डबे पाहताना मला मास्तरांच्या घरची पत्र्याची पेटी आठवली.

गेल्या दिवाळीत मास्तरांच्या पत्नीनं, आमच्या काकूंनी, ती माझ्यासमोर उघडली. बावीस कॅसेटी. प्रत्येकीवर मास्तरांच्या हातचं, निळ्या शाईतलं, मंडईच्या गावाचं नाव नि साल. तिघींच्या फितीवर पांढरी बुरशी धरलेली. खाली गण-गवळणींच्या दोन वह्या, कडा वाळवीनं खाल्लेल्या. काकू म्हणाल्या, "बाबू, मी गेल्यावर हे कोन पाहीन?"

पुतळ्याच्या बाजूनं बोलणारा माझा बालमित्र आहे, स्वतः दंडारीत नाचलेला. त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. "पुतळ्यापाशी पोरगा थांबते, इचारते हा कोन होता. पेनड्राइव्हपाशी कोन थांबते?" खरं आहे. नुसत्या फायली करून ठेवल्या तर तीही एक पेटीच होईल, फक्त वाळवी न लागणारी.

आणि इथंही सगळं आपोआप झालं नाही. आर्मस्ट्राँग आणि त्याची बायको ल्युसिल यांनी प्रतिष्ठान १९६९ मध्येच, तो हयात असताना काढलं. ल्युसिल १९८३ मध्ये गेली, तिनं घर शहराला दिलं. तरी संग्रहालय उघडायला २००३ उजाडलं. मागे न्यूयॉर्क शहर होतं, क्वीन्स कॉलेज होतं, त्याच्या रेकॉर्डी जगभर खपत होत्या. मास्तरांना बिदागीपलीकडे काही मिळालं नाही. म्हणून मी न्यूयॉर्कची नक्कल करा म्हणत नाही. पण त्या प्रतिष्ठानानं मुलांच्या संगीतशिक्षणावर पैसा घातला, ते आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

मास्तरांना साथ केलेले ढोलकीवाले बाबा अजून आहेत, सत्तरी ओलांडलेले. कुठल्या गवळणीला कुठं थांबायचं, पेटीनं कुठं उचलायचं, ते वहीत लिहिलेलं नाही, त्यांच्या बोटांत आहे. दर शनिवारी शाळेत त्यांना मानधन देऊन बसवलं, तर मित्राच्या प्रश्नाला खरं उत्तर मिळेल. पोरं तिथं थांबतील. कॅसेटींची डिजिटल प्रत करून एक गावात ठेवू, एक गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाला देऊ. २०११ मध्ये निघालेलं हे विद्यापीठ झाडीपट्टीचंच, आपल्या पूर्व विदर्भाचंच आहे, त्यांनी घ्यावी असा आग्रह धरू.

दोन गोष्टी आधी करा. प्रतिष्ठानाची धर्मादाय कार्यालयात रीतसर नोंदणी करा. आणि काकूंची लेखी परवानगी घ्या. रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांचा असतो, गावाचा नाही. माझा पासपोर्ट भारतीय आहे, त्यामुळे माझ्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. अमेरिकन नागरिक झालेल्या मित्रांचे ठरतात, त्यांच्याकडून सध्या घेऊ नका.

दिवाळीला मी येतोय. पण पावसाळा त्याआधी येईल. आजच कोणीतरी काकूंकडे जा, ती पेटी जमिनीवरून उचलून कोरड्या फळीवर ठेवा. आणि बुरशी लागलेल्या तीन कॅसेटी ऐकायच्या मोहानं टेपरेकॉर्डरमध्ये घालू नका.