'कोल्हापुरात बघायला कोण येणार?' हा प्रश्न आता पुरे झाला

कालही तेच झाले. मधल्या सुट्टीत शिक्षक-खोलीत चहा आला, कुणीतरी वर्तमानपत्रातली गगनयानाची बातमी मोठ्याने वाचली आणि मी नेहमीप्रमाणे म्हणालो की हे यान माणसांना घेऊन वर जाऊन परत आले की त्याची कुपी, म्हणजे माणसे ज्यात बसून परत येतात तो भाग, पुढे कुठे ठेवायची याचा विचार आतापासून व्हायला हवा, आणि त्या विचारात कोल्हापूरसारख्या शहरांचीही नावे असायला हवीत. सगळे हसले. एक सहकारी म्हणाले, "तुमचं काय तरीच असतंय सर! कोल्हापुरात ते बघायला कोण येणार? ठेवतील दिल्लीत, नाहीतर बंगळूरला." तेवढ्यावर विषय संपला आणि बोलणे ऊसदराकडे वळले. बावीस वर्षे मी या शहरात विज्ञान शिकवतो आहे आणि हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावर पडले की खरोखर अंगाचा तिळपापड होतो. पुण्याचे मेहुणे हेच म्हणतात, सोसायटीतले शेजारी हेच म्हणतात, आणि ज्यांची स्वतःची मुले याच शहरात शिकतात ते पालकही हेच म्हणतात.

माझ्या वर्गात काय होते ते सांगतो. यान पृथ्वीच्या वातावरणात परत शिरताना प्रचंड तापते, हा मुद्दा दरवर्षी शिकवावा लागतो. बहुतेक मुले 'हवेशी घर्षण होते म्हणून' असे उत्तर पाठ करून येतात. मी फळ्यावर आकृती काढून सांगतो की यान सेकंदाला साडेसात-आठ किलोमीटर वेगाने येते, समोरच्या हवेला बाजूला व्हायला वेळच मिळत नाही, ती दाबली जाते आणि मुख्यतः त्या दाबल्या जाण्यानेच ती भयंकर तापते, आणि यानाच्या बाहेरचे आवरण स्वतः जळत जळत ती उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते. मुले माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. मग विज्ञान प्रदर्शन येते आणि त्यात थर्माकोलला चंदेरी कागद चिकटवून केलेले गुळगुळीत, चकचकीत यान मांडले जाते. मुलांचा यात काहीच दोष नाही, कारण परत आलेले यान कसे दिसते हे त्यांनी कधी पाहिलेलेच नाही. जे अंतराळात जाऊन आले ते चकचकीत राहत नाही, हे पुस्तकातल्या तळहाताएवढ्या चित्रावरून कसे कळावे?

मला ते कळले ते दिल्लीत. एका नातेवाइकाच्या लग्नासाठी गेलो होतो आणि तीन मूर्तीच्या आवारातल्या नेहरू तारांगणात गेलो. तिथे सोयुझ टी-१० या सोव्हिएत यानाची कुपी आहे. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी गेले ते सोयुझ टी-११ मधून, आणि ११ एप्रिलला परतले ते टी-१० मधून. सॅल्यूत-७ या स्थानकावर दीर्घ मुक्कामाला असलेल्या अंतराळवीरांसाठी नवे यान मागे ठेवायचे आणि पाहुण्यांनी जुन्या यानातून परतायचे, अशी सोव्हिएत पद्धत होती. वर्षानुवर्षे मी ही माहिती वर्गात सांगत होतो. पण त्या भाजलेल्या, काळवंडलेल्या कुपीसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आले. जेमतेम सव्वादोन मीटर उंचीची ती गोष्ट, तिच्यात तीन माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती आणि त्यांतला एक आपला माणूस होता. मी तिथे अर्धा तास उभा होतो आणि त्या अर्ध्या तासात मला आनंदापेक्षा रागच जास्त आला, कारण माझ्या वर्गातली एकही मुलगी, एकही मुलगा तिथे माझ्या शेजारी नव्हता.

कारण उघड आहे. कोल्हापूर ते दिल्ली रेल्वेने जाण्यात जवळपास दीड दिवस जातो. माझ्या वर्गात गगनबावड्याकडून, राधानगरीकडून आलेली आणि इथे नातेवाइकांकडे राहून शिकणारी मुले आहेत. कुणाचे वडील शिरोलीच्या फौंड्रीत आहेत, कुणाची आई दुसऱ्याच्या रानात भांगलणीला जाते. त्यांना दिल्लीच्या सहलीचा खर्च सांगायलासुद्धा माझी जीभ रेटत नाही. एकदा आम्ही धाडस करून त्रेचाळीस मुलांना घेऊन एका मोठ्या शहरातले विज्ञानाचे दालन दाखवायला निघालो. दोन महिने आधी पत्र दिले होते, आठवडाभर आधी फोन करून खात्री केली होती. रात्रभर बसमध्ये बसून सकाळी दारात पोचलो, तर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी. आतल्या माणसाने बाहेर येऊन क्षमा मागण्याचेही सौजन्य दाखवले नाही. मुलांनी समुद्र पाहिला, भेळ खाल्ली आणि आम्ही परत आलो. परतीच्या वाटेवर एकाही मुलाने तक्रार केली नाही, आणि तेच माझ्या मनाला सर्वांत जास्त लागले. आपल्याला असेच मिळते, हे त्यांनी या वयातच मान्य केले आहे.

म्हणून 'कोण येणार' असे कुणी विचारले की मला सांगावेसे वाटते की जे इथेच आहेत ते येतील! ते दिल्लीला जाऊ शकत नाहीत, म्हणूनच तर वस्तू त्यांच्याकडे यायला हवी. गर्दी जिथे आधीच आहे तिथेच नवी वस्तू ठेवायची, हा हिशेब दुकानदाराचा झाला. सार्वजनिक पैशातून उडालेल्या यानाला तो कसा लावता येईल?

आणि हे जगात कुठे होत नाही असे समजू नका. अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात हचिन्सन नावाचे गाव आहे. लोकसंख्या सुमारे चाळीस हजार, म्हणजे आपल्या कागलपेक्षा फारसे मोठे नाही. त्या गावातल्या संग्रहालयात अपोलो-१३ या चांद्रमोहिमेची 'ओडिसी' ही कुपी आहे. ज्या मोहिमेत १९७० मध्ये ऑक्सिजनची टाकी फुटली आणि तीन माणसे मरणाच्या दारातून परत आली, त्या मोहिमेची खरीखुरी कुपी! ती आधी पॅरिसजवळच्या एका संग्रहालयात होती. तिच्या आतले सुटे भाग इकडेतिकडे पांगलेले होते, ते हचिन्सनच्या लोकांनी मिळवले, जोडले आणि ती पुन्हा उभी केली. चंद्रावर पहिल्यांदा माणसे नेणाऱ्या अपोलो-११ ची कुपी राजधानीत वॉशिंग्टनला आहे, ते ठीकच आहे. पण अपोलो-८ ची शिकागोत आहे, अपोलो-१६ ची हंट्सव्हिलला आहे आणि अपोलो-१० ची तर थेट लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे. माणसांना घेऊन गेलेल्या अकरा अपोलो कुपी अशा गावोगावी वाटल्या गेल्या आणि त्यामुळे कुणाचे काही बिघडले नाही.

ब्रिटनचे उदाहरण मला त्याहून जवळचे वाटते. टिम पीक हा त्यांचा अंतराळवीर २०१६ मध्ये ज्या सोयुझमधून परतला, ती कुपी लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने घेतली आणि देशभर फिरवली. २०१८ मध्ये ती पीटरबरो या गावातल्या जुन्या कॅथीड्रलमध्ये काही महिने ठेवली होती. पीटरबरोची लोकसंख्या कोल्हापूरच्या निम्म्यापेक्षा कमी आहे. तिथे कुणी 'बघायला कोण येणार' असे म्हणून कुपी दारातून परत पाठवली नाही.

अमेरिकेच्या स्पेस शटलांवरून, म्हणजे विमानासारख्या उतरणाऱ्या आणि पुन्हापुन्हा वापरायच्या यानांवरून, झालेली भांडणेही मला माहीत आहेत आणि त्यांतून आपण काय टाळावे हेही शिकण्यासारखे आहे. १२ एप्रिल २०११ रोजी नासाने निवृत्त शटले कुठे जाणार ते जाहीर केले. डिस्कव्हरी वॉशिंग्टनजवळच्या स्मिथसोनियनच्या दालनात, अटलांटिस फ्लोरिडात, एंडेव्हर लॉस एंजेलिसला, आणि अंतराळात कधीच न गेलेले एंटरप्राइज न्यूयॉर्कला. १९६५ पासून जिथून मोहिमांचे नियंत्रण झाले त्या ह्यूस्टनला शटलची केवळ प्रतिकृती मिळाली. ती जखम भरली नाही, आणि २०२५ मध्ये टेक्ससच्या दोन सिनेटरांनी अंतराळयान ह्यूस्टनला हलवण्यासाठी साडेआठ कोटी डॉलरची तरतूद कायद्यात करून घेतली. नजर आहे ती डिस्कव्हरीवर. ३९ मोहिमा केलेले ते यान हलवायचे तर त्याचे तुकडे करावे लागतील का, इथपर्यंत चर्चा गेली. ह्यूस्टनच्या लोकांचे दुःख मला पूर्णपणे समजते, कारण डावलले जाणे म्हणजे काय हे मला वेगळे सांगावे लागत नाही. तरीही जे यान चांगल्या दालनात नीट सांभाळलेले आहे त्याला करवत लावण्याच्या कल्पनेने माझ्या अंगावर काटा येतो. हे भांडण मुळातच उद्भवू नये म्हणून निकष आधी ठरले पाहिजेत, यान परत आल्यावर नव्हे.

आणि काहीच ठरवले नाही तर काय होते, त्याला बुरान साक्षीला आहे. १५ नोव्हेंबर १९८८ रोजी माणसाशिवाय पृथ्वीप्रदक्षिणा करून स्वतःहून धावपट्टीवर उतरलेले ते सोव्हिएत यान बैकोनूरच्या इमारतीत पडून राहिले आणि २००२ मध्ये छप्पर कोसळून चिरडले गेले. त्या दुर्घटनेत आठ कामगार मेले. अंतराळात गेलेले ते एकमेव बुरान होते.

आता आपल्याकडे वळतो. परत आलेली याने आपल्याकडे नाहीत असे नाही. जानेवारी २००७ मध्ये साडेपाचशे किलोची एसआरई-१ ही कुपी बारा दिवस कक्षेत फिरून बंगालच्या उपसागरात उतरली. १८ डिसेंबर २०१४ रोजी पावणेचार टनांच्या आसपास वजनाचे, तीन मीटर रुंदीचे केअर हे मानवी कुपीचे प्रारूप सव्वाशे किलोमीटर उंचीवरून परत आले. ऑक्टोबर २०२३ मध्ये गगनयानाच्या आपत्कालीन सुटकेच्या चाचणीतली कुपी नौदलाने समुद्रातून उचलून आणली. मी दरवर्षी वर्गात विचारतो की यांपैकी काही कुणी डोळ्यांनी पाहिले आहे का. आजवर एकही हात वर झालेला नाही.

वजनाचे आणि वाहतुकीचे कारण मला कृपा करून कुणी सांगू नये. सोयुझची कुपी तीन टनांच्या आत आहे. गळीत हंगामात आमच्या रस्त्यांवरून उसाची एकेक ट्रॉली याहून कितीतरी जास्त ओझे घेऊन रात्रंदिवस धावते. शटल आणि कुपी यांत फरक आहे. शटल ३७ मीटर लांब, आणि एंडेव्हर लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवरून न्यायला शेकडो झाडे तोडावी लागली. कुपीला एक मोठा ट्रक पुरतो.

दमट हवेचा आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. आमचा पावसाळा कसा असतो हे मला माहीत आहे, आणि २०१९ व २०२१ मध्ये पंचगंगेने शहराचे काय केले ते मी पाहिले आहे. जळालेले आवरण ओलाव्याने खराब होऊ शकते, त्यासाठी नियंत्रित हवेचे काचेचे दालन लागेल आणि ते पूररेषेच्या बरेच वर असावे लागेल. पण तशी जागा आहे! शिवाजी विद्यापीठाचा सागरमाळ उंचावर आहे आणि तिथे अवकाशाचा अभ्यास कुणाला नवा नाही. वातावरणाच्या वरच्या थरांतले वारे मोजणारे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे रडार याच विद्यापीठाच्या आवारात उभारले गेले. शहरातल्या किती जणांना हे ठाऊक आहे? जे 'इथे काय आहे' म्हणतात, त्यांनी इथे काय आहे हे कधी विचारलेले तरी असते का?

आणि वस्तू सांभाळण्याची या शहराची लायकी काढणाऱ्यांना मी टाउन हॉलच्या संग्रहालयात हाताला धरून नेईन. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास उत्खनन झाले, तिथे सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती या संग्रहालयात आहे. ग्रीकांचा समुद्रदेव, दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाराबरोबर समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी आलेला. जगभरच्या अभ्यासकांच्या लिखाणात त्या मूर्तीचा उल्लेख येतो. ती इथे सापडली, इथे राहिली, आणि माझ्या वर्गातली मुले एस.टी.चे तिकीट काढून ती पाहू शकतात. 'कोल्हापुरात बघायला कोण येणार' असा विचार तेव्हाच्या लोकांनी केला असता, तर आज आमच्याकडे तिचे छायाचित्र राहिले असते.

माझी मागणी फार मोठी नाही. गगनयानाची माणसे नेणारी पहिली कुपी कायमची राजधानीत ठेवायची असेल तर ठेवा. पण त्याआधी तिला एक-दोन वर्षे देशभर फिरवा, आणि त्या फेरीत महानगरे शेवटी घ्या. चाचण्यांतल्या ज्या कुपींचे काम संपले आहे, त्या राज्याराज्यांतल्या विद्यापीठांच्या शहरांना द्या, आणि कुणाला का दिल्या हे निकषांसह जाहीर करा. आमच्यापेक्षा चांगली तयारी सांगलीने, नांदेडने किंवा जळगावने दाखवली तर त्यांना द्या. मी स्वतः मुलांना घेऊन सांगलीला जाईन. तासाभराचा तर रस्ता आहे.

दिल्लीत काढलेले त्या कुपीचे छायाचित्र माझ्या मोबाइलमध्ये आहे. गेल्या आठवड्यात ते वर्गात बाकाबाकावरून फिरले. गगनबावड्याकडच्या एका मुलीने ते दोन बोटांनी मोठे केले, काचेवर बोट ठेवले आणि विचारले, "सर, हे खरं जळालेलं असतंय काय?" मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारले, "हात लावला तर काळं लागतंय काय?" याचे उत्तर मला देता आले नाही, कारण माझ्या आणि त्या कुपीच्या मध्येही अंतर होते.

या मागणीचा अर्ज लिहून झाला आहे. उद्या मधल्या सुट्टीत तो मी शिक्षक-खोलीच्या टेबलावर ठेवणार आहे, आणि काल जे हसले त्यांच्याकडे पहिल्यांदा सही मागणार आहे.