नकुल गेला, सहदेव गेला

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या झेरॉक्सच्या दुकानात एक लॅपटॉप आहे, 2 जीबी रॅम आणि 32 जीबी डिस्क, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगतो की हे आता भंगारात घाल. मी घालत नाही. त्याच्यावर डेबियन नावाचं लिनक्स टाकलंय, विंडोजसारखीच पण फुकटातली सिस्टीम, आणि वर एलएक्सक्यूटी नावाचं हलकं डेस्कटॉप, त्यामुळं तो चालतो, म्हणजे सायकलवर गॅसची टाकी बांधून चढ चढणारा माणूस चालतो तसा, पण चालतो.

परवा रात्री शटर अर्धं ओढलं आणि स्क्रीनवर आलं की डिस्क भरत आलीय, 900 एमबीच शिल्लक. शहाण्या माणसानं अशा वेळी घरी जाऊन भाकरी खावी. मी टर्मिनल उघडलं, म्हणजे कमांड टाइप करायची ती काळी खिडकी.

सुरुवात झकास झाली हो. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये प्रोग्रामची गाठोडी, त्यांना पॅकेज म्हणतात, ती आणायचं-काढायचं काम करणारा गडी. त्याला सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह मारलं, म्हणजे गरज नसलेलं काढ, तर एक जुना कर्नल, म्हणजे सिस्टीमचा जुना गाभा, निघाला आणि एका झटक्यात तीनशे-साडेतीनशे एमबी मोकळी. इथंच थांबायचं होतं, पण फुकटात जागा मिळाली की माणसाची नजर बदलते, मग जे दिसेल ते जास्तीचं वाटायला लागतं. पत्त्यांचा गेम काढला. ब्लूटूथ काढलं, कारण लॅपटॉपचं ब्लूटूथ तसंही मेलेलंच. मग कळलं की नुसतं रिमूव्ह म्हटलं की पॅकेज जातं पण त्याची सेटिंगची फाइल मागं राहते, ती घालवायची तर पर्ज म्हणायला लागतं. डीपीकेजी म्हणून ॲप्टच्या हाताखालचा कारकून आहे, त्याची यादी काढली तर अशा गेलेल्यांच्या नावापुढं 'आरसी' लिहिलेलं. माणूस पुण्याला जाऊन दहा वर्षं झाली तरी रेशनकार्डावर नाव आहेच, तसलं प्रकरण. आणि पर्ज केलं तरी होम फोल्डरमधल्या लपलेल्या फाइलींना ते हात लावत नाही, त्या आपल्या आपण शोधून काढायच्या. तसं बघितलं तर डेबियन हे नावच तसलं आहे, 1993 साली इयान मरडॉकनं हे सुरू केलं आणि मैत्रीण डेब्रा आणि स्वतः इयान अशी दोन नावं जोडून डेबियन केलं, पुढं लग्न झालं, मग फारकतही झाली, पण नाव आहे तिथंच आहे. ते कुठल्या पर्जनं निघणार?

तर आरसीवाले सगळे साफ केले. हात शिवशिवत होतेच. आता नजर गेली फॉन्टवर.

आपल्याला लागतंय काय, मराठी, कन्नड आणि इंग्रजी. मग ओडिया कशाला? बंगाली कशाला? शहापुरात आजवर ओडियात अर्ज टाइप करायला कोण आलंय? मारलं रिमूव्ह. त्यानं सांगितलं की यांच्याबरोबर फॉन्ट्स-इंडिक म्हणून एक पॅकेजपण जाईल. मी बघितलं, तर त्या पॅकेजच्या पोटात एकही फॉन्ट नाही. त्याला मेटापॅकेज म्हणतात, काम काही नाही, नुसती बाकीच्यांना बोलावून आणायची जबाबदारी, म्हणजे आपल्याकडचा सोसायटीचा चेअरमनच. म्हटलं जाऊ दे, रिकामाच तर आहे.

आता गोम अशी आहे की ॲप्टची एक वही असते. तुम्ही स्वतः मागवलेलं पॅकेज कुठलं आणि दुसऱ्याच्या वशिल्यानं आलेलं कुठलं, सगळं त्यात लिहिलेलं. वशिल्यावाल्याचा धनी गेला की ते लगेच 'आता गरज नाही' या यादीत, मग तुम्ही ते रोज दहा तास वापरत असला तरी ॲप्टला त्याचं देणंघेणं नाही. नुसती कुणाची शिफारस असली तरी ते त्याला ठेवून घेतं, एवढं मऊ काळीज आहे त्याचं, पण माझ्या मशीनवर शिफारस करायलाही कोण उरलं नव्हतं. चेअरमनला मीच घालवला होता.

परत ऑटोरिमूव्ह मारलं. यादी आली, लांबलचक. रात्रीचे दहा वाजलेले, पोटात भूक, वरवर नजर फिरवली. फॉन्ट्स-गुब्बी, फॉन्ट्स-नवीलू. कन्नडात गुब्बी म्हणजे चिमणी आणि नवीलू म्हणजे मोर. खाली नकुल आणि सहदेव, जोडीनंच. म्हटलं मोर, चिमणी, पांडव, हे सगळं लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यातलं नक्षीकाम असणार, आपल्याला काय करायचंय. पुढं चालू का विचारलं, त्यातला वाय मोठ्या लिपीत असतो, म्हणजे नुसतं एंटर दाबलं तरी होकारच धरतात. दाबलं. लॅपटॉप बंद करून समाधानानं घरी जाऊन जेवलो.

सकाळी कडोलीचे काका दारात. त्यांच्या वास्तुशांतीचं पत्र, मीच टाइप केलेलं, वर मराठी आणि खाली कन्नड, कारण व्याही बैलहोंगलचे. शंभर प्रती पाहिजेत, अकराला बस आहे. फाइल उघडली.

डबे. वरपासून खालपर्यंत नुसते चौकोनी डबे, एकाला एक लागून, जसे काय वास्तुशांतीला वाटायचे कुंद्याचे रिकामे बॉक्स मांडून ठेवलेत. अधेमधे तेवढा फोन नंबर सुखरूप.

काका चष्मा वर करून बघायले. "काय रे हे? माझं मराठी कुठं गेलं?"

"काका, गेलंय जरा. आणतो परत."

"आणि खालचं कन्नड?"

"तेबी गेलंय."

"दोन्ही गेलंय म्हणतोस?" काका क्षणभर थांबले. "मग असू दे."

सत्तर वर्षांत या भागात असला सारखा न्याय कुणी केला नसेल, आणि तो मी भुकेल्या पोटी एका एंटरमध्ये केला होता.

नक्षीकाम कसलं, नकुल-सहदेव मराठीचे फॉन्ट होते आणि मोर-चिमणी कन्नडचे. पीडीएफ करून ठेवली असती तर काही झालं नसतं, पीडीएफच्या पोटात फॉन्ट बरोबरच जातो, पण केली नव्हती. आता फॉन्ट परत घालायचे तर नेट पाहिजे आणि तेवढ्यात लाइट गेली, राउटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर, म्हणजे पंचवीस मिनिटं, त्यात मोबाइलचा हॉटस्पॉट धरायला मी शटरबाहेर हात काढून उभा. काका घड्याळ बघायलेत. त्यांना गुंतवायला म्हणून दुसऱ्या हातानं ॲप्ट मू टाइप करून दाखवलं. खरंच आहे ही कमांड, बनवणाऱ्यांनी गंमत म्हणून आत एक गाय बांधून ठेवलीय, अक्षरांनी काढलेली, आणि ती विचारते की आज हंबरलास का.

काकांनी गाय नीट बघितली. "म्हस नाही काय?"

"नाही काका, गाईच."

"फॅट लागणार नाही मग."

ॲप्टच्या हिस्टरी लॉगमध्ये रात्रीचा सगळा पराक्रम वेळेसकट लिहून ठेवलेला, दहा वाजून तीन मिनिटं, कोण कोण गेलं त्यांची नावं. एकेक वेचत बसायला वेळ कुठला, सरळ फॉन्ट्स-इंडिकलाच परत बोलावलं. चेअरमन आला तो सगळा गोतावळा घेऊनच आला, नकुल, सहदेव, मोर, चिमणी, आणि त्यांच्या मागून ओडिया, बंगाली, ज्यांच्यासाठी हा सगळा उद्योग केला होता ते. यावेळी मराठी आणि कन्नडला ॲप्ट-मार्क मॅन्युअल करून टाकलं, म्हणजे वहीत लिहिलं की हे माझे, मीच आणलेत, वशिल्याचे नव्हेत.

लिबरऑफिस, म्हणजे टाइपिंगचा प्रोग्राम, बंद करून उघडलं आणि डब्यांतून अक्षरं बाहेर आली. लाइटपण आली. शंभर प्रती निघाल्या. जागा किती वाचली ते बघितलं, तर या सगळ्या फॉन्टांची मिळून जेवढी होती ती त्या एका जुन्या कर्नलपुढं चिल्लर.

काकांनी पैसे दिले, गठ्ठा पिशवीत घातला, दोन पावलं गेले आणि माघारी वळले. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला.

"ह्येच्यातबी स्टोरेज फुल दाखवायलंय बग. जरा नको असलेलं काढून दे की."