खोली लहान म्हणून व्यायाम खोटा ठरत नाही

गेल्या महिन्यात ताईने मला एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "मग मी आता बंद करू का?" चार महिने ती पलंग आणि कपाटाच्या मधल्या जागेत रोज सकाळी खुर्चीवरून उठबस आणि भिंतीवर हात टेकून जोर काढत होती. जागा जेमतेम एक चटई पसरण्याएवढी. मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान घरातला व्यायाम ही मनाची समजूत आहे. जड वजनांशिवाय स्नायू वाढत नाहीत, पळायला जागा नसेल तर हृदयाला व्यायाम मिळत नाही, सलग पाऊण तास केला नाही तर सगळं वाया जातं. आणि घरीच करायचा हट्ट असेल तर पोटाचे व्यायाम करा, निदान पोट तरी उतरेल.

मला या मेसेजचा मनापासून राग आला. तो वाचून कोणी व्यायामशाळेत नाव घालत नाही, जो घरी थोडंफार करत असतो तो मात्र तेही सोडतो.

वजनांपासून सुरुवात करू, कारण मेसेजमधला सर्वांत पटणारा मुद्दा तोच आहे. समोरचा भार लोखंडाचा आहे की आपल्याच अंगाचा, हे स्नायूला कळत नाही. त्याला कळतो ताण, आणि आपण किती थकलो ते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात तरुणांच्या पायांवर झालेला, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. जास्तीत जास्त जेवढं वजन एकदाच उचलता येतं, त्याच्या 80 टक्के भाराने काहींच्या पायांना व्यायाम दिला, काहींना फक्त 30 टक्क्यांनी. अट अशी, की आता आणखी एकदाही जमणार नाही इथपर्यंत करायचं. दहा आठवड्यांनी दोन्हीकडे स्नायूंची वाढ सारखीच निघाली. एकदाच उचलायच्या कमाल वजनाची ताकद मात्र जड भाराच्या गटात जास्त वाढली, हे लपवायचं कारण नाही. ज्याला वजनं उचलण्याच्या स्पर्धेत उतरायचंय त्याला जड वजनं लागतीलच. जिना चढताना दम लागू नये, खाली बसलं की हात न टेकता उठता यावं, एवढं हवं असणाऱ्याचं त्यावाचून अडत नाही.

आता अंगाचा भार किती असतो ते बघा. जोर काढताना हातांवर शरीराच्या वजनाच्या सुमारे 64 टक्के भार येतो, हे मोजलेलं आहे. गुडघे टेकवले तर 49 टक्के. हात साधारण दोन फूट उंचीवर ठेवले तर 41, आणि पाय तेवढ्या उंचीवर ठेवले तर 74. म्हणजे 60 किलोच्या माणसाला तेच एक भक्कम बाक जवळजवळ 25 किलोपासून 44 किलोंपर्यंतचा भार देतं. हात वर ठेवायचे की पाय, एवढाच काय तो फरक.

घरातल्या व्यायामाची खरी अडचण वेगळीच आहे, आणि मेसेजला ती दिसलेली नाही. माणसं सहा महिने तेच वीस जोर आणि त्याच वीस बैठका काढत राहतात. पहिल्या महिन्यात शरीर बदलतं, मग त्याला सवय होते. ताईचंही तेच झालं होतं. भिंतीवरचे तीस जोर ती न थांबता काढायची, गप्पा मारत. तिला मी भिंतीवरून पलंगाच्या कडेवर आणलं आणि खाली जाताना मनात तीन आकडे मोजायला सांगितले. सातव्या जोराला तिचे हात थरथरले. शेवटचे दोन-तीन जड जायला हवेत, ही एक खूण सांभाळली की पुरे. बैठका सोप्या झाल्या तर तळाशी क्षणभर थांबा, मग एका पायावर जास्त भार घ्या, मग पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक घ्या.

एक उणीव मात्र मी मान्य करते. ढकलण्याचे व्यायाम घरात भरपूर होतात, ओढण्याचे होत नाहीत, आणि पाठ मागे राहते. कमरेतून वाकून, पाठ सरळ ठेवून जड सॅक पोटाकडे ओढणं हा त्यातला सोपा उपाय. दारात रबरी पट्टा अडकवणार असाल तर आपण ओढल्यावर दार उघडणार नाही, उलट घट्ट बसेल अशा बाजूला उभे राहा. डुगडुगत्या टेबलाखाली लोंबकळू नका.

हृदयाचं काय? हृदय अंतर मोजत नाही. किती स्नायूंना किती रक्त पुरवायचंय, तेवढंच त्याला ठाऊक. लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास 1953 मध्ये प्रसिद्ध झाला. दिवसभर बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. कंडक्टरचं मैदान म्हणजे एक बस! (मॉरिस प्रामाणिक माणूस. पुढे त्यांनीच गणवेशांची मापं तपासून दाखवलं, की ड्रायव्हर नोकरीला लागतानाच कमरेने रुंद होते. तेव्हा सगळं श्रेय जिन्याला देता येत नाही. पण चढउताराने हृदयाला काम मिळतं, हे त्यामुळे खोटं ठरत नाही.)

खोलीत हेच जागच्या जागी गुडघे उचलत चालून, एका पायरीवर चढून-उतरून किंवा हवेत ठोसे मारून साधतं. उड्या नकोत, खालच्या मजल्यावरच्यांची झोप मोडते आणि उड्यांची गरजही नसते. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे मध्यम जोराचा व्यायाम चालू आहे. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोराचा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर मात्र तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

सलग पाऊण तासाची अट कुठून आली, कोण जाणे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचे व्यायाम. पूर्वी एका वेळी किमान 10 मिनिटं तरी करा असं होतं. 2020 च्या सूचनांमधून तेही काढून टाकलं. सकाळी सात मिनिटं, दुपारी पाच, रात्री दहा, सगळं जमेस धरलं जातं.

पोटाचा सल्ला तर सरळ चुकीचा आहे. चरबी वितळते ती रक्तात उतरते, आणि जिथला स्नायू मागेल तिथे खर्च होते. ती पोटावरूनच निघावी हे आपण ठरवू शकत नाही. टेनिस खेळाडूंचा रॅकेटचा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड असतो. 1971 मध्ये त्या दोन्ही हातांवरच्या चरबीचा थर मोजला, तर तो सारखाच निघाला. वर्षानुवर्षं एकच हात राबूनही! पोटाचे स्नायू बळकट करा, कंबर सांभाळली जाते. पण त्यांच्याकडून पोट उतरण्याची आशा धरून रोज शंभर वेळा मान ओढत उठू नका.

ताईला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तिने मेसेज पुसला. आता तिच्या आठवड्यात तीन दिवस ताकदीचे आहेत, बाकीचे दिवस ती जिन्याची खालची पायरी वापरते. पलंगाच्या कडेवर हात ठेवून बारा जोर होतात. तेरावा परवा अर्ध्यात राहिला, असं तिने आपणहून कळवलं.