आठ गिअर म्हणजे जास्त टॉप स्पीड, असं नसतं भाऊ

स्पोर्ट्स कारवरच्या एका लेखात लिहिलंय की स्पोर्ट्स कारला जितके जास्त गिअर तितकी टॉप स्पीड जास्त, हे साफ चुकीचं आहे. पोर्शे ९११ चंच बघा ना, ८ गिअरचा पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स आहे पण गाडी टॉप स्पीडला पोचते सहाव्या गिअरमध्ये, सातवा-आठवा हायवेवर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली ठेवायला आणि पेट्रोल वाचवायला. आणि कोनिगसेग रेगेराला तर नेहमीसारखा गिअरबॉक्सच नाही, तरी ती ताशी ४०० किमीच्या वर जाते. खरा खेळ हवेचा आहे, २५० वरून ३०० ला जायचं तर हवा कापायलाच जवळपास पावणेदोन पट पॉवर लागते, म्हणून इंजिन जिथे पूर्ण पॉवर देते तो आरपीएम आणि तो स्पीड जुळेल असा गिअर रेशो (इंजिनाच्या किती फेऱ्यांना चाक एकदा फिरतं ते प्रमाण) पाहिजे, बस.

मी हे स्वतःच्या १५० सीसी बाईकवर शिकलो. सक्करदऱ्याच्या मेकॅनिककडून पुढचं १४ दातांचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) काढून १५ चं बसवलं, वाटलं आता पळेल. बुटीबोरीकडे निघालो, समोरून वारा, पाचवा टाकला की काटा हळूहळू खाली येऊन राहिला, चौथ्यात घेतली की परत चढे! म्हणजे गिअर लांब झाला (तेवढ्याच आरपीएमला स्पीड जास्त) पण तो ओढायला इंजिनात दमच नव्हता. आठ दिवसांत १४ चं परत लावलं. त्या लेखात गिअर मोजण्यापेक्षा फायनल ड्राइव्ह रेशोवर (गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा रेशो, बाईकमध्ये स्प्रॉकेटच्या दातांवर ठरतो) दोन ओळी तरी पाहिजे होत्या, त्याचा उल्लेखच नाही.